रणी पडलेल्यांचे नामसंकीर्तन

कोजागरीपासून गावोगाव चाललेला काकडा आज त्रिपुरी पौर्णिमेस समाप्त होत आहे. महिनाभर ब्राह्ममुहूर्तावर उठून, अंगावर घोंगडी घेऊन, हाती टाळ धरून देवळात उभे राहिलेले आबालवृद्ध आज शेवटची काकडआरती करतील. आणि सायंकाळी वाईच्या घाटापासून संगम माहुली, कऱ्हाडचा प्रीतिसंगम, औदुंबर, सांगली अशी कृष्णामाई जेथून जेथून वाहते तेथे तेथे तिच्या पायऱ्यांवर पणत्या तेवू लागतील. ही दीपमाला कशाची, असे लहान मुलाने विचारले तर आपण सहज सांगतो की, भगवान शंकरांनी त्रिपुरासुराचा वध केला, त्या विजयाचा हा उत्सव. उत्तर बरोबर आहे. परंतु ते अर्धे आहे. उरलेले अर्धे उत्तर वाचकांपुढे ठेवावे, आणि त्याच्या आधाराने एक विनंती करावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

मत्स्यपुराणात त्रिपुरदाहाची कथा विस्ताराने आली आहे. मय दानवाने निर्मिलेली सोन्याची, रुप्याची व लोहाची अशी तीन पुरे एका रेषेत आली, शंकरांनी बाण सोडला, आणि देवसैन्यात जयघोष होणार त्या क्षणी स्वतः शंकरांच्या मुखातून स्वतःच्याच धिक्काराचे उद्गार निघाले. नंदीने आश्चर्याने कारण विचारले. शंकर म्हणाले की, माझा भक्त मय आज या आगीत नाश पावणार. ते ऐकताच नंदी बाणाहून वेगाने पुढे गेला आणि त्याने मयाला सावध करून बाहेर काढले. सुटलेला बाण परत घेता येत नाही. परंतु पलीकडे जळणाऱ्यांत आपलेही कोणी आहे, ही जाणीव विजयाच्या क्षणी देवाधिदेवालाही झाली. म्हणून आजचा दिवा हा जयाचा दिवा आहे, तसाच तो हळहळीचाही दिवा आहे. हे आम्ही पोथीत अनेकदा वाचले होते. त्याचा अर्थ मात्र आम्हांस एका खेड्यातील निरक्षर आजीने शिकविला.

१९९९ सालची गोष्ट. कारगिलचे युद्ध संपून तीन-चार महिने झाले होते. सातारा जिल्ह्यातील एका दुष्काळी टापूतल्या गावी काकड्याच्या समाप्तीचे कीर्तन आमच्याकडे होते. घरटी कोणी ना कोणी सैन्यात, असे ते गाव. आम्ही त्या वेळी ऐन उमेदीत होतो. प्रसंगही तसाच होता. उत्तररंगास आम्ही अभिमन्यूचे आख्यान लावले, चक्रव्यूह रंगविला, वीररसाने मंडप दणाणून सोडला. टाळ्या पडल्या, बुक्का लागला, आरती झाली. लोक पाया पडून जाऊ लागले, तेव्हा पाठीमागे भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी पुढे आली. हात जोडून म्हणाली, "बुवा, लढाईचं लई चांगलं सांगितलंसा. पर सुभद्रंच्या घरी मागनं काय झालं, ते न्हाई सांगितलंसा."

आम्ही म्हणालो, "आजी, वेळ झाला होता."

"व्हय, येळ झाला आसंल," ती म्हणाली. "माझं पोरगं एकाहत्तरच्या लढाईत गेलं. तार आली तवा मी रानात हुते. तवापासनं दर साली झेंड्याला लोक जयजयकार करत्यात. पर ह्या देवळात त्याचं नाव कुनी एकदाबी घेतलं न्हाई. देवाचं नाव रोज घेतासा. त्यातच त्याचं बी घेतलं तर देव रागावंल का?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. शास्त्राचे अध्ययन केलेल्या, सभा जिंकणाऱ्या माणसास एका म्हातारीने निरुत्तर केले. त्या रात्री मुक्कामाच्या खोलीत झोप लागेना. पहाटे उठून गावातून फिरू लागलो, तो चावडीजवळच्या भिंतीत बसविलेला एक संगमरवरी दगड दृष्टीस पडला. इंग्रजीत कोरले होते की, या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, आणि त्यांपैकी तिघांनी प्राण दिले. तीन हा आकडा होता. नावे नव्हती.

असे दगड आपल्या प्रदेशात कित्येक गावी आहेत. सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत. त्या गावास आजही लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात, आणि तेथील स्मारकापुढे आजही माथा लवतो. त्या युद्धात हिंदुस्थानातून सुमारे तेरा लाख माणसे समुद्रापार गेली. मृतांची संख्या ७४ हजारांवर मोजली गेली. आपल्या मुलखातील पुष्कळ जण मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेले. तैग्रिस नदीकाठच्या कुत अल अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जो वेढा पडला, त्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. अन्न संपले, तेव्हा सुमारे तेरा हजारांच्या त्या सैन्याने शरणागती पत्करली, आणि त्यांतील कित्येक पुढे वाळवंटातील बंदिवासात गेले. कृष्णाकाठचा माणूस तैग्रिसच्या काठी पडला. त्याच्या अस्थी घरी आल्या नाहीत, दहाव्याचा पिंड कोणत्या तिथीस ठेवावा हेही घरच्यांना कळले नाही.

पुढे बसरा येथे स्मारक उभारले गेले. ज्यांची थडगी वा चिता कोठे झाली हे ठाऊक नाही अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांची त्यावर नोंद झाली. इंग्रज सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी लिहिली गेली. या स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने नेमलेल्या समितीचा अहवाल २०२१ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हा भेदभाव मान्य करण्यात आला व कमिशनने त्याबद्दल क्षमा मागितली. शंभर वर्षांनी मागितलेली क्षमाही क्षमाच असते. परंतु परक्यांनी नाव गाळले याची खंत करताना आपण आपल्या देवळात ते नाव किती वेळा घेतले, हा प्रश्न आजीने आमच्यापुढे ठेवलेलाच होता.

महायुद्ध थांबले तो दिवस ११ नोव्हेंबर १९१८. पंचांग पाहिले तर तो कार्तिकाचा शुद्ध पक्ष होता. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, आणि त्रिपुरी पौर्णिमा आठवड्यावर आली होती. म्हणजे युरोपात तोफा थांबल्या तेव्हा आपल्या गावांत काकडा चालला होता. त्याच दिवसांत मुंबई इलाख्यात इन्फ्लुएंझाच्या साथीने हाहाकार उडविला होता. घरात रोगाने गेलेल्यांसाठी रडावे की परदेशात गेलेल्याची वाट पाहावी, अशा अवस्थेत त्या वर्षी मायमाउल्यांनी घाटावर दिवे लावले असतील. दुसऱ्या वर्षापासून इंग्लंडात त्या दिवशी दोन मिनिटे सारे राष्ट्र स्तब्ध उभे राहण्याचा प्रघात पडला.

आता कोणी शंका घेईल की, मर्त्य मानवाचे नाव हरिनामाच्या जोडीला घ्यावे, यास आधार काय? आधार शोधण्यास दूर जावे लागत नाही. आपले तर्पण नाव व गोत्र उच्चारल्यावाचून होत नाही. भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्राने मरण पावलेल्यांच्या श्राद्धासाठी राखून ठेवलेली आहे. माघ शुद्ध अष्टमीस भीष्मतर्पण सांगितले आहे. भीष्मांना संतती नव्हती; म्हणून ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनीही त्या दिवशी भीष्मांना जलांजली द्यावी, असा शिष्टाचार आहे. भीष्म कोणत्या पक्षाकडून लढले? कौरवांच्या. पराभूत पक्षाच्या सेनापतीला सारा समाज दरसाल पाणी देतो! मृत्यूनंतर वैर उरू नये, हा आपल्या धर्माचा केवढा मोठा दंडक आहे!

परंतु या विषयातील सर्वांत मोठा आधार महाभारताच्या स्त्रीपर्वात आहे. युद्ध संपले आहे. गांधारी व कुरुकुलातील स्त्रिया रणभूमीवर आपापल्या माणसांची ओळख पटवीत फिरत आहेत. धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, किती मेले? युधिष्ठिर कोटींची संख्या सांगतो. आणि तेथेच न थांबता, जे दिसेनासे झाले, ज्यांचा पत्ता लागला नाही, अशा वीरांची संख्या वेगळी सांगतो. ती आहे २४,१६५. व्यासांनी त्यांना 'अलक्ष्य' म्हटले आहे. कोटींच्या हिशेबात हा सुटा पासष्टाचा आकडा महर्षींनी का ठेवला असेल? न सापडलेला प्रत्येक माणूस मोजला गेला पाहिजे, हेच त्याचे उत्तर. मग धृतराष्ट्र विचारतो की, ज्यांना कोणी नाही, ज्यांचे अग्निहोत्र नाही, त्यांचे काय? तेव्हा धर्मराज विदुर, संजय, धौम्य, युयुत्सू आदींना आज्ञा करतो, आणि नाना देशांतून आलेल्या त्या अनाथांचेही विधिपूर्वक दहन होते. त्या रात्री कुरुक्षेत्रावर दोन ध्वनी मिसळले, असे व्यास वर्णितात. एक स्त्रियांच्या रुदनाचा, दुसरा ऋचांचा व सामगायनाचा.

सामगायन म्हणजे काय, ते येथे थोडे सांगितले पाहिजे. साम एकट्याने गावयाचे नसते. यज्ञात प्रस्तोता आरंभीचा प्रस्ताव गातो, उद्गाता मुख्य उद्गीथ गातो, प्रतिहर्ता प्रतिहार गातो. अशा रीतीने सामाचे भाग वाटलेले असतात. परंतु त्यातील जो शेवटचा भाग आहे, तो तिघांनी मिळून एका स्वरात गावयाचा असतो. त्या शेवटच्या भागाचे शास्त्रीय नाव आहे 'निधन'. संस्कृतात निधन म्हणजे समाप्ती. मराठीत आपण हा शब्द मृत्यूसाठीच वापरतो. आमचे गुरुजी पाठ देताना म्हणत, "आरंभ एकाचा असतो, निधन सर्वांचे असते." विद्यार्थिदशेत आम्हांस ते केवळ पाठांतराचे सूत्र वाटले. आज वाटते की, मृताचे स्मरण हे एकट्या घरावर सोडू नये, तो स्वर सर्वांनी मिळून लावावा, हेच आपल्या सर्वांत प्राचीन संगीताने शिकवून ठेवले आहे.

जगातही ही जाणीव अन्यत्र प्रकटलेली दिसते. दुसऱ्या महायुद्धात १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरावर बाँबवर्षाव केला. ती कार्तिकातील पौर्णिमेची रात्र होती. लख्ख चांदण्याचा लाभ घेऊन तो हल्ला योजलेला होता. ज्या चंद्राखाली आपण कृष्णेत दिवे सोडीत होतो, त्याच चंद्राच्या उजेडात तेथे साडेपाचशेहून अधिक माणसे मेली, आणि शहराचे प्राचीन प्रार्थनामंदिर जळून गेले. भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. त्या भग्नावशेषांच्या शेजारी नवे मंदिर उभारले गेले, तेव्हा ३० मे १९६२ रोजी तेथे बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराची 'वॉर रेक्विअम' ही रचना प्रथम गायिली गेली. मोठ्या गायकवृंदाने मृतांसाठीची परंपरागत लॅटिन प्रार्थना गावी, आणि तिच्या मधून मधून दोन पुरुषगायकांनी विल्फ्रेड ओवेन या सैनिक-कवीच्या कविता गाव्यात, अशी तिची घडण आहे. हा ओवेन पहिल्या महायुद्धात ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध थांबण्यास अवघा आठवडा असताना, मारला गेला होता. त्या दोन गायकांपैकी पीटर पिअर्स हा इंग्रज होता. आणि दुसरा, डीट्रिख फिशर-डीस्काउ, हा जर्मन होता. तो स्वतः जर्मन सैन्यात होता आणि युद्धकैदीही झाला होता. ज्या देशाच्या विमानांनी ते मंदिर जाळले त्या देशाचा माजी सैनिक तेथेच उभा राहून मृतांसाठी गायला. भीष्मतर्पण करणाऱ्या आपल्या समाजाला यातील मर्म वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

मग आपल्याकडे रणस्मरणाचे समूहगान आहे काय? वीराच्या गौरवासाठी पोवाडा आहे. शाहीर डफावर थाप मारतो, मागचे झीलकरी सूर ओढून धरतात, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर रोमांच उभे राहतात. सातारा-सांगलीची माती शाहिरांची. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे आणि वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे ही नावे कोणास ठाऊक नाहीत? अण्णा भाऊंनी तर दूरच्या स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. पोवाड्याचे काम पराक्रम सांगण्याचे. ते काम तो उत्तम करतो. परंतु तार आल्यानंतरच्या घरात डफ वाजत नाही. तेथे लागतो तो मृदंग, टाळ आणि वीणा.

आणि ही वारकरी समूहगायनाची व्यवस्था ज्याने आजच्या रूपास आणली, तो पुरुष सातारा जिल्ह्यातील एक सैनिकच होता, हे किती जणांच्या ध्यानात असते? आरफळचे हैबतबाबा पवार हे ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या चाकरीतील सरदार. त्यांनी तरवार ठेवली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याची शिस्त बसविली. दिंड्यांचे क्रम, अश्व, तंबू, तळ, चोपदार, कर्णा हे सारे सैन्याच्या मुक्कामासारखे आहे. फक्त हाती शस्त्राऐवजी टाळ आहे. आळंदीस महाद्वारातील पायरीशी त्यांची समाधी आहे, आणि तिची पूजा होऊन सोहळ्याचा आरंभ होतो.

नीरास्नान करून पालखी आपल्या जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे तिचे तळ पडतात. ज्यांनी सायंकाळची समाजआरती पाहिली आहे, त्यांना एक दृश्य विसरता येणार नाही. शेकडो दिंड्यांचे टाळ-मृदंग एकाच वेळी गर्जत असतात. चोपदार हातातील चोप उंच करतो, आणि क्षणात लाखोंच्या समुदायात निःशब्द शांतता पसरते. पाश्चात्त्यांची दोन मिनिटांची स्तब्धता ती हीच. आपण ती त्यांच्याही पूर्वीपासून दरसाल, भजनाच्या पोटात, पाळीत आलो आहोत. परंतु याहून अधिक महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी त्या शांततेत टाळ वाजवीतच राहते. तिची तक्रार ऐकून घेतल्यावाचून आरती पुढे जात नाही. दुखावलेल्यास गप्प न करता आधी त्याचे ऐकावयाचे, ही त्या शांततेची अट आहे. आमच्या त्या आजीने कीर्तन संपल्यावर जे केले, ते दुसरे काय होते? तिने तक्रारीचा टाळ वाजविला होता.

आता कृष्णेच्या प्रवाहाबरोबर सांगलीकडे येऊ. मिरजेस सतारी व तंबोरे बनविणाऱ्या कारागिरांची जी घराणी आहेत, त्यांचे आडनाव शिकलगार. शिकलगार म्हणजे तरवारीस पाणी देणारा, शस्त्रांना धार लावणारा. संस्थानी लढाया थांबल्या, शस्त्रांची मागणी ओसरली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्या हातांनी तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. वाद्यांसाठी लागणारे भोपळे येतात ते भीमाकाठच्या पंढरपूर-मंगळवेढा भागातून. पंढरीच्या मातीत वाढलेला भोपळा आणि तरवार घडविणाऱ्या वंशाचे हात, यांच्या संयोगातून मिरजेचा तंबोरा जन्मास येतो. मिरजेच्या या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. घडविणारे मुसलमान, भोपळा विठ्ठलाच्या मुलखातला, आणि त्यावर सूर लागतो तो षड्जाचा, जो कोणाही एका पंथाचा नव्हे.

याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. त्यांचे घराणे मूळचे पलूसचे, जन्म १८७२ साली कुरुंदवाडचा. लहानपणी शोभेच्या दारूच्या स्फोटाने त्यांची दृष्टी अधू झाली, आणि त्या अपघातानेच ते संगीताकडे वळले. १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून त्यांनी गाणे दरबारातून काढून समाजाच्या मुखी दिले. शेकडो विद्यार्थ्यांकडून एका सुरात प्रार्थना म्हणवून घेणे ही त्यांच्या शिक्षणाची पद्धतच होती. त्यांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गेले, आश्रमाची सामूहिक प्रार्थना त्यांनी बसविली, आणि १९३० च्या दांडीयात्रेत गांधीजींबरोबर ते चालले. रामधून सामान्यतः ज्या चालीवर गायिली जाते, तीही पलुसकरांचीच म्हणून ओळखली जाते. निःशस्त्र माणसांचा समुदाय गात गात पुढे जातो, हे दृश्य जगाने पाहिले त्यामागे मिरजेचा सूर होता. पलुसकरांनी देह ठेवला तोही मिरजेतच, १९३१ साली.

सांगलीचा आणखी एक ऋणानुबंध सांगितल्यावाचून राहवत नाही. १९६२ च्या चीनबरोबरील युद्धात आपला पराभव झाला. तोंडावर हात ठेवून बसलेल्या देशापुढे २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकरांनी कवी प्रदीप यांचे 'ऐ मेरे वतन के लोगो' हे गीत, सी. रामचंद्रांच्या चालीवर, गायिले. पंडित नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आले. ज्या गळ्यातून ते गीत निघाले, त्याचे बालपण काही वर्षे सांगलीत गेले होते. पराभवातही गाता येते, आणि जे परत आले नाहीत त्यांच्यासाठी जाहीरपणे रडता येते, हे त्या दिवशी राष्ट्राने अनुभवले. पुढे शाळाशाळांतून मुले ते समूहाने म्हणू लागली.

या सर्वांच्या वर आपल्याजवळ जे आहे, ते आहे पसायदान. युद्धभूमीवर, दोन सैन्यांच्या मधोमध सांगितल्या गेलेल्या गीतेवरील भाष्य ज्ञानेश्वर माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, पूर्ण केले, आणि त्याची सांगता कशाने केली? विजयाच्या मागणीने केली नाही. दुष्टांचा नाश न मागता त्यांच्यातील दुष्टपणा जावा, आणि प्राणिमात्रांत परस्परांविषयी मैत्र उपजावे, असे दान त्यांनी मागितले. पहिल्या अध्यायात रणवाद्ये आहेत, शेवटी विश्वशांतीची याचना आहे. मधला सारा ग्रंथ म्हणजे त्या दोहोंमधील वाट आहे. पसायदान आपण रोज म्हणतो, परंतु पुष्कळदा ते उठण्याची वेळ झाल्याची खूण म्हणून म्हणतो. ज्याच्या घरचा माणूस रणात पडला आहे, त्याला शेजारी बसवून ते एकदा म्हणून पाहावे. प्रत्येक शब्दाचे वजन पालटते.

आजीच्या गावी पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. महिनाभर आधी तेथील शाळामास्तरांना पत्र लिहून गावातील युद्धात पडलेल्यांची यादी करण्यास सांगितले होते. यादी झाली, आणि अडचणीही निघाल्या. त्यांत गावच्या एका मुसलमान घरातील जवानाचे नाव होते. देवळात ते कसे घ्यावे, अशी कुजबुज झाली. पलटणीतून निवृत्त झालेले एक वृद्ध सुभेदार तेथे बसले होते. ते एवढेच म्हणाले, "आमी एका खंदकात हुतो. तिथं ईळभर एकमेकाचं नावच घेत हुतो." प्रश्न मिटला. दुसरी अडचण मिटण्याजोगी नव्हती. चावडीच्या दगडावर १९१४ च्या युद्धातील मृत तीन म्हणून कोरलेले. जुन्या माणसांना विचारून विचारून नावे सापडली दोनच. तिसरा कोण, कोणाच्या घरचा, हे सांगणारे कोणी उरले नव्हते.

कीर्तनाच्या अखेरीस, पसायदानापूर्वी, मास्तर एक एक नाव वाचू लागले. प्रत्येक नावानंतर टाळकऱ्यांनी टाळाचा एकच ठोका द्यावा, असे ठरले होते. आजीच्या मुलाचे नाव आले, तेव्हा ती उभी राहिली. कोणी सांगितले नव्हते. तिच्यामागून सारा मंडप उभा राहिला. शेवटी त्या तिसऱ्याची पाळी आली. मास्तर थांबले. नाव नव्हते. व्यासांचा 'अलक्ष्य' शब्द आम्हांस त्या क्षणी आठवला. आम्ही टाळकऱ्यांना खूण केली, आणि नावावाचून एक ठोका पडला. मग सर्वांनी मिळून पसायदान म्हटले. सूर सर्वांचा सारखा नव्हता. बायकांचा वर चढत होता, म्हाताऱ्यांचा खाली राहत होता. सामाचे निधन तिघे मिळून गातात. येथे ते सारे गाव गात होते. प्रसाद घेताना आजी म्हणाली, "आता काकडा पुरा झाला, बुवा."

ती आजी आता नाही. तिच्या गावी मात्र यादी वाचण्याचा नेम राहिला आहे. आपल्याकडची यादी थांबलेली नाही, हे दुर्दैवाने खरे. सातारा तालुक्यातील पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ साली कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना पडले तेही १७ नोव्हेंबरला, कार्तिकाच्या शुद्ध पक्षातच. दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरलेले नव्हते.

म्हणून वाचकहो, विनंती एवढीच आहे. आज आपल्या गावच्या वा आळीच्या देवळात काकड्याची समाप्ती होईल. पुढच्या वर्षाच्या समाप्तीपर्यंत आपल्या गावातून जे रणात पडले त्यांची यादी करावी. गावच्या वृद्धांना विचारावे, दगड असेल तर तो धुवून वाचावा, निवृत्त सैनिकांना बोलवावे. जात, पंथ, हुद्दा पाहू नये. नाव सापडले नाही तर त्याची जागा रिकामी ठेवावी, पण ठेवावी. पसायदानापूर्वी ती नावे मोठ्याने घ्यावीत, आणि मग सर्वांनी एका सुरात ते दान मागावे. यास खर्च नाही, मंडप नाही, ध्वनिक्षेपकही लागत नाही.

आणि आज सायंकाळी घाटावर वा अंगणातील तुळशीपाशी त्रिपुर लावताना एक पणती जास्त लावावी. ज्यांचे नाव कोणास ठाऊक नाही अशा आपल्यांसाठी ती असावी, आणि पलीकडच्या बाजूस पडलेल्यांसाठीही असावी. विजयाच्या क्षणी ज्याच्या मुखातून हळहळ निघाली त्या त्रिपुरारीला तो दिवा इतर सर्व दिव्यांइतकाच प्रिय होईल, याविषयी आमच्या मनात संदेह नाही.